मेजाची भाकर

अक्का,

तुझ्या कबरेपाशी उभं राहून पाळक म्हणाले, आमची बहीण आज प्रभूच्या मेजाला बसली आहे. आधी तेलुगूत म्हणाले, मग मला कळलं नसेल असं वाटून तेच पुन्हा हिंदीत म्हणाले. मला पहिल्यांदाच कळलं होतं. मंडळीतली वीसपंचवीस माणसं मान हलवत होती. मी मात्र सवयीने तुझ्याकडे बघायला गेलो, आणि समोर नुसती माती होती. तू असतीस तर ओठ मुडपून माझ्याकडे पाहिलं असतंस आणि बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाली असतीस, "बघ शंतू, मेल्यावर जागा मिळाली."

या गोष्टीला महिना झाला. आपल्या जालन्याकडच्या मंडळीच्या मासिकाने तुझ्यावर लिहून मागितलं आहे. जन्म कुठला, नर्सिंगचं शिक्षण कुठे, नोकरी किती वर्षं, असं ते विचारतात. ते दुसऱ्या कोणीतरी लिहावं. मी रोज संध्याकाळी कागद घेऊन बसतो आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त भाकरीचं ताट येतं.

आपण हैदराबादला आलो तेव्हा इथे मराठी उपासना चालू होती. दहाबारा घरं होती. बदल्या झाल्या, म्हातारे गेले, मुलं तेलुगूत आणि इंग्रजीत वाढली आणि एक दिवस ती उपासना बंद पडली. मग आपण हिमायतनगरच्या मागच्या गल्लीतल्या तेलुगू मंडळीत जायला लागलो. चालत जाता येतं, एवढाच विचार होता. तिथला नियम नंतर कळला. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा तिथे धरत नाहीत. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून, पाण्यात पूर्ण बुडून घेतलेला तोच खरा. आणि तो झाला नसेल त्याला प्रभुभोजनात भाग नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचे तुकडे ठेवलेलं ताट बाकाबाकावरून फिरायचं, त्यामागून द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचं. आपण दोघं मागच्या बाकावर. ताट आलं की दोन्ही हातांनी घ्यायचं आणि शेजारच्याकडे द्यायचं. बस. कोणी काही बोलत नसे. पण शेजारचा माणूस क्षणभर थांबून बघायचा आणि मग लगेच नजर काढून घ्यायचा.

दुसऱ्या वर्षी मी बुडून बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. ते तुला सांगितलं तेव्हा तू गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, निवडत होतीस.

"तुझा झालाय," तू म्हणालीस. मान वर केली नाहीस.

"तेव्हा मला कळत नव्हतं, अक्का."

"मला कळत होतं ना. मी धरलं होतं तुला."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली होती. माझ्या जन्मानंतर आईला ताप भरला तो उतरेना. ठरलेल्या रविवारी तिला उठवत नव्हतं. बाबांना लहान बाळ धरता येत नसे. तेव्हा नऊ वर्षांची तू मला दुपट्यात गुंडाळून मिशनच्या देवळात पुढे जाऊन उभी राहिलीस. पाळकांनी विचारलं, बाळाचं नाव काय, आणि शांतवन हे नाव तूच खणखणीत आवाजात सांगितलंस. पुढचं तू प्रत्येक नाताळात पाहुण्यांसमोर सांगायचीस: "वरून पाळकांनी पाणी घातलं आणि खालून यानं. माझा नवा परकर दोन्हीकडून भिजला."

त्या दिवशी मात्र तू हसली नाहीस.

मी ग्रंथालयातला माणूस. माझ्याजवळ पुस्तकं होती. मी तुला समजावायला लागलो की शास्त्रात आधी विश्वास आणि मग पाणी, असाच क्रम दिसतो. तू म्हणालीस, "लेकराला न्हाऊ घालताना त्याची परवानगी विचारतात होय?"

"तो विधी आहे, आंघोळ नव्हे."

"घरादारासकट बाप्तिस्मा घेतलेली माणसंही शास्त्रात आहेत. त्या घरांत काय पाळणे नव्हते?"

"तसा स्पष्ट उल्लेख नाही."

"उल्लेख!" तू देठ टोपलीत टाकलास. "आणि उद्या म्हातारपणी तुझं कळणं गेलं म्हणजे? बाप्तिस्मापण जाणार?"

मी तुला शांतपणे सांगितलं, असं मला तेव्हा वाटत होतं, की विधी म्हणजे माणसाने देवाला दिलेलं उत्तर. आणि उत्तर शुद्धीत द्यावं लागतं. त्यावर तू निवडलेली पानं एका बाजूला सारलीस. मग म्हणालीस, "उलटं आहे रे. विधी म्हणजे देवानं मारलेली हाक. माणसाला ऐकू येत नाही तेव्हासुद्धा मारलेली. उत्तर द्यायला जन्म पडलाय." आणि गोंगुरा धुवायला उठलीस.

पुढची सोळा वर्षं आपण हेच भांडण वेगवेगळ्या शब्दांत भांडलो. आता ते एकट्याने भांडावं लागतं, तर माझ्या बाजूपेक्षा तुझीच बाजू मला नीट मांडता येते.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मी बाप्तिस्म्याच्या टाकीत उतरलो तो पुस्तकं वाचून नाही. पुस्तकं मी नंतर वाचली. मला त्या ताटाची लाज वाटायची. शेजारचा माणूस थांबून बघायचा, ते मला सहन होत नसे. मला इतर माणसांसारखं एक तुकडा उचलून मान खाली घालायची होती. टाकीतलं पाणी थंड होतं. पाळकांनी मला मागे झुकवलं, वर काढलं, लोकांनी गीत म्हटलं, आणि मी ओल्या पापण्यांमधून मागच्या बाकाकडे पाहिलं. तू बसली होतीस. मांडीवर माझा कोरडा शर्ट आणि टॉवेल घेऊन. समजून-उमजून घेतलेला बाप्तिस्मा म्हणून मी ज्याची इतकी वर्षं बाजू घेतली, तो लाजेपोटी घेतलेला होता. आणि ज्याला मी तुझा हट्ट म्हणालो, तो काय होता हे मला आता दिसतं. तूही बुडून बाप्तिस्मा घेतला असतास तर नऊ वर्षांच्या मुलीने एका बाळाला धरून केलेलं सगळं खोटं होतं, असं तुला तुझ्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. मी ते एकदा म्हणून मोकळा झालो होतो. तू नाही म्हणालीस.

चार वर्षांनी मंडळीने मला सेवक नेमलं. सेवकाकडे मेज तयार करायचं काम असतं. पहिल्या शनिवारी मी पीठ भिजवायला बसलो. त्याचा चिखल झाला. तू परातीकडे बघून म्हणालीस, "ऊठ. नक्को तेरा काम. देवाला लाज आणशील." वॉर्डातल्या आयाबायांशी बोलून बोलून तुझ्या रागात कायम दखनी यायची.

तेव्हापासून मेजाची भाकर तू केलीस. मैदा आणि पाणी, मीठ नाही, खमीर नाही. पातळ लाटायची, मंद तव्यावर शेकायची, डाग पडू द्यायचा नाही. मग उकळत्या पाण्यातून काढलेल्या कात्रीने तिचे नखाएवढे चौकोन कापायचे. द्राक्षरसासाठी बेगम बाजारातून काळ्या मनुका मीच आणायचो, पण त्या निवडायचीस तू, भिजवायचीस तू, उकळून स्वच्छ मलमलीतून गाळायचीस तू. आदल्या दिवशी सगळ्या घराला त्या मनुकांचा वास असायचा. आणि तू त्यातलं काही तोंडात घालत नसायचीस. मी म्हणायचो, रसाची चव तरी बघ. तू म्हणायचीस, "तुमच्या मेजाचं आहे." मी म्हणायचो, अजून प्रार्थना झालेली नाही, अजून ही साधी पोळी आहे, कडा उरल्यात त्या तरी खा. "मला कडेलाच बसवलंय," तू म्हणायचीस, "आणखी कडा कशाला?" आणि त्या कडा चिमण्यांना टाकायचीस.

रविवारी तू त्याच तुकड्यांचं ताट हातात घ्यायचीस आणि शेजारी द्यायचीस. दोनशे माणसं तुझ्या हातचं खायची. एकदा उपासनेनंतर एका बाईने तुला विचारलं, "सिस्टरम्मा, तुम्ही का घेत नाही?" तू म्हणालीस, "मला पथ्य आहे." घरी येईपर्यंत मी हसत होतो. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

एकदा प्रसूतीच्या वॉर्डात एका ख्रिस्ती बाईचं बाळ जगणार नव्हतं. तिने तुझा हात धरला. पाळक येईतो वेळ नव्हता. तू स्टीलच्या वाटीतून तीन वेळा पाणी घातलंस आणि नाव दिलंस. घरी येऊन सांगितलंस तेव्हा मी विचारलं, "पण तुला तो अधिकार कोणी दिला?" अक्का, तू बारा तासांची ड्यूटी करून आली होतीस आणि मी तुला हे विचारलं. तू चप्पल काढता काढता म्हणालीस, "त्या वेळी देवानं ड्यूटीवर मला ठेवलं होतं. पाळकाला नाही." मग आत गेलीस, आणि स्वयंपाकघरातून पुन्हा म्हणालीस, "एकमेकांचे पाय धुवा, हेसुद्धा प्रभूनं त्याच शेवटच्या जेवणाच्या वेळी सांगितलंय. ते नाही ना पाळत तुमची मंडळी? ते म्हणे शब्दशः घ्यायचं नाही. माणसं बाहेर ठेवायची असली की सगळं शब्दशः."

मग दिवस बदलले. केबल आली, गल्लीतली मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेली, तिकडून त्यांनी देवळाला पैसे पाठवले. फरशी बदलली, माइक आले. सेवकांच्या बैठकीत ठरलं की आता मेजासाठी तयार पाकिटं आणायची. पांढऱ्या गोल चकत्या आणि बाटलीतला रस. घरी केलेलं नको, स्वच्छतेचा प्रश्न असतो, असं एक तरुण सभासद म्हणाला. मी बैठकीत होतो. ज्या बाईने तीस वर्षं वॉर्डात हात उकळून घ्यायचेच काय ते बाकी ठेवले होते तिच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं, आणि मी कार्यवृत्त लिहून घेत होतो.

तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मला स्वच्छता शिकवतात होय!" मग म्हणालीस, "बरं झालं. मनगटं दुखायचीच." पण पुढच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी घरी आलो तर मनुकांचा वास नव्हता आणि तू परात पुसत बसली होतीस. कोरडी परात. तेव्हा मी तुझ्याजवळ बसायला हवं होतं. मी वर्तमानपत्र उघडलं.

दवाखान्याचं लिहिल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही.

पक्षाघाताचा पहिला झटका हलका होता. त्या नव्या काचेच्या दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा तू वाकड्या झालेल्या तोंडानेच म्हणालीस, "लग्नाचा हॉल वाटतोय. रुग्ण कुठे ठेवतात?" चार दिवसांत बोलणं बरंच सुधारलं होतं. शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी आलो. तुझ्या पुढ्यात दुधाचा पेला आणि ब्रेडचे दोन तुकडे होते. तू एक दुधात बुडवून खाल्लास. दुसरा तसाच ठेवलास.

"उद्या पहिला रविवार ना?"

"हो."

"मला दे."

मला वाटलं पाणी मागते आहेस. तू ब्रेडकडे बोट केलंस. "प्रार्थना कर आणि दे. तू दे."

"अक्का, असं नसतं. मी नुसता सेवक. मला तो अधिकार नाही."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. चिडली नाहीस. चिडली असतीस तर आपण भांडलो असतो आणि भांडता भांडता कदाचित मी दिलं असतं.

"मी पाळकांना बोलावतो," मी म्हणालो. "आज काही झालं तरी घेऊन येतो."

"ते कुठे ओळखतात मला," तू म्हणालीस. मग चांगला हात हलवून म्हणालीस, "जा मग. लवकर ये."

मी रस्त्यापलीकडच्या पिवळ्या फोनच्या टपरीत गेलो. समोर रांग होती. पाळक एका लग्नाला गेले होते, एकपर्यंत येतील असं त्यांच्या घरून कळलं. मी टपरीतच थांबलो. तिथे बसून मी युक्तिवाद तयार करत होतो. कुठल्या वचनाचा आधार घ्यायचा, कुठून सुरुवात करायची, सोळा वर्षांचा नियम एका दुपारी कसा हलवायचा. एक वाजता ते फोनवर आले. मी अडखळत दोन वाक्यं बोललो. ते म्हणाले, "हौ, आता हूँ." एवढंच. मला पुढचं काही बोलावंच लागलं नाही.

ते स्कूटरवरून आले. लिफ्टमध्ये त्यांच्या हातात मेजाचं सामान असलेली छोटी काळी पेटी होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शांतवनगारू," ते म्हणाले, "आप कभी पूछेच नहीं. बुजुर्ग हैं, इत्ते साल से आ रहे हैं. पूछते तो मैं कुछ रास्ता निकालता था. कमेटी से मैं बात कर लेता था."

मी सोळा वर्षं विचारलंच नव्हतं, अक्का. मी तुला नियम समजावत राहिलो. नियम ज्यांच्या हातात होता त्यांच्याशी एकदाही बोललो नाही. मी त्या बैठकांना बसत होतो. माझ्याच अक्षरात ती कार्यवृत्तं आहेत.

वर आलो तर तुझ्या खाटेभोवती पडदे ओढलेले होते. साडेबाराला दुसरा झटका आला होता. नाकात नळी होती आणि तोंडाने काही देऊ नये अशी पाटी पायाशी लावलेली होती. पाळकांनी पेटी उघडली, चकती हातात घेतली, पाटी वाचली, आणि चकती पुन्हा पाकिटात ठेवली. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ प्रार्थना केली. मग म्हणाले, विश्वासाने घेतलं असंच आपण धरू. मी मान हलवली. सकाळचा ब्रेडचा तुकडा कोणीतरी उचलून नेला होता.

सोमवारी तू गेलीस.

तू मला अक्षरओळख होण्याआधीपासून जेवू घातलंस. ड्यूटी कुठलीही असो, झाकून ठेवलेलं ताट असायचंच. प्रभूच्या प्रार्थनेतली रोजची भाकर म्हणजे काय, हे मी जगलो ते तुझ्या हातून. आणि तू आयुष्यात एकदा मला म्हणालीस की वाढ, तर मी अधिकार आठवला. मी आता शास्त्रातली प्रभुभोजनाची ती जागा पुन्हा पुन्हा वाचतो. त्याने भाकर घेतली, आभार मानले, मोडली आणि दिली. समोर बसलेल्यांत त्याला धरून देणारा होता, त्याला नाकारणारा होता. त्यालाही दिली. घ्या आणि खा, एवढीच आज्ञा आहे. राखण करा असं कुठे लिहिलेलं मला सापडत नाही. हे मला सोळा वर्षांपूर्वीही सापडलं असतं, तीच पुस्तकं होती. पण हे सगळं तुला आता सांगून उपयोग काय? तू बरोबर होतीस की मी, याने काहीच होत नाही. तुला भूक लागली होती आणि मी फोन करायला गेलो.

नियमाबद्दल मी बैठकीकडे अर्ज दिला आहे. पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले.

काल पहिला रविवार होता. सेवक म्हणून ताट माझ्याकडे होतं. ते फिरवत मी मागच्या बाकापाशी पोचलो. तिथे परतूरकडची एक मुलगी बसते, सुवार्ता नावाची. लग्न होऊन इथे आली आहे, दोन महिने झाले. तू आजारी पडायच्या आधी तिने तुला एकदा नमस्कार केला होता, आठवतं का? ताट जवळ येताना पाहून तिने हात पदराखाली घेतले.

मी थांबलो.

"घे," मी मराठीत हळूच म्हणालो.

ती घाबरली. "नको काका. माझा शिंपडून झालाय. तुम्हीच सांगितलं ना, पहिल्या दिवशी, दारात?"

मी सांगितलं होतं. मऊ आवाजात, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, अगदी नीट समजावून. पुढच्या बाकावरची दोन डोकी वळली. बाजाची पेटी वाजायची थांबली. व्यासपीठावरून पाळक बघत होते, ताट का अडलं म्हणून. मी चुकीचं सांगितलं होतं, एवढं म्हणायचं होतं मला. ते माझ्या तोंडात तयार होतं, अक्का, आणि तिचे हात पदराखालीच होते, आणि सगळे वाट बघत होते.

मी ताट तिच्या शेजारच्याला दिलं.